मिरामारला पस्तीस माणसांचं सह्यांचं लग्न: आपलंसं कसं करावं?

जायांची कळी

नमस्कार. मी फोंड्याची, तो कुडाळचा. आमचं लग्न नोंदणी पद्धतीनं, म्हणजे गोव्यात आपण म्हणतो तसं सह्यांचं, करायचं ठरलं आहे. भटजी नाहीत, हॉल नाही, मानपान नाही. पहिली सही, म्हणजे लग्नाचा इरादा नोंदवणारी, गेल्या आठवड्यात झाली. कार्यालयाच्या फलकावर आमच्या नावांची नोटीस लागली आहे. दुसरी, म्हणजे प्रत्यक्ष लग्नाची सही जानेवारीच्या मध्याला करू.

पण सही म्हणजे पाच मिनिटांचं काम. आमच्या कार्यालयात त्याच बाकांवर जमिनीच्या विक्रीखताची माणसं बसलेली असतात, कारण खरेदीखतं आणि लग्नं एकाच ठिकाणी नोंदतात. तिथे पस्तीस माणसं मावणार नाहीत. म्हणून एक छोटा सोहळा मिरामारच्या वाळूत करायचा विचार आहे. मिरामारच का? तो पणजीत नोकरीला असताना आम्ही दोघं जवळजवळ रोज संध्याकाळी कांपालहून मिरामारपर्यंत चालत जायचो. घरी सांगायचं हेही तिथेच सुरूच्या झाडांखाली बसून ठरवलं.

अडचण अशी की मिरामार सगळ्यांचंच आहे. पर्यटक, शाळांच्या सहली, चालायला येणारी माणसं. सजावट करून देणाऱ्या दोघांना विचारलं, तर दोघांनी पांढऱ्या पडद्यांच्या कमानीचे सारखेच फोटो पाठवले. त्या फोटोंतलं जोडपं काढून आम्हाला उभं केलं तरी काही फरक पडणार नाही. आजी वेगळ्याच काळजीत आहे. तिनं एकच विचारलं, "दर्यार लग्न? आनी देव खंय?" (समुद्रावर लग्न? मग देव कुठे?) तिला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.

हे लग्न आमचंच होतं असं आलेल्या माणसांना वाटावं, यासाठी काय करता येईल? खर्च फार करायचा नाही.

मांडवीकाठ

अभिनंदन! मी गेली वीस वर्षं मिरामारला सकाळी चालायला जातो, तर तेवढ्यापुरतं सांगतो.

संध्याकाळ डोक्यातून काढून टाका. सूर्यास्त बघायला आख्खं शहर तिथे असतं, शिवाय बसलेल्या माणसांच्या डोळ्यांवर थेट ऊन येतं. जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. आठ वाजता तो पूर्वेला, सुरूंच्या मागे असतो. माणसं समुद्राकडे तोंड करून बसली तर ऊन त्यांच्या पाठीवर, आणि तुमचे दोघांचे चेहरे उजेडात. समोर नदीपलीकडे आग्वादचा किल्ला दिसतो. याहून चांगला पडदा कुठला सजावटवाला देणार?

वाऱ्याचं म्हणाल तर हिवाळ्यात सकाळी तो जमिनीकडून हळू येतो. दुपारी समुद्राकडून सुटला की केस, साड्या, कागद सगळं उडतं. दहाच्या आत आटोपा. भरती-ओहोटीचं कोष्टक आधी बघून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त वर चढतं, आणि ओली वाळू आजीसारख्या माणसांना चालायला बरी असली तरी बसायला नाही.

जानेवारी निवडलात हे उत्तम केलंत. नोव्हेंबरच्या अखेरीस चित्रपट महोत्सवामुळे कांपालला गाडी लावायला जागा नसते. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव), ८ डिसेंबरला पणजीचं, मग नाताळ, मग नवं वर्ष. संक्रांतीनंतरचा मधला वार घ्या. शनिवार-रविवार नको.

पेडणेकरीण

कोणी मोरजी-मांद्रें सुचवलं तर कृपा करून जाऊ नका. मोरजी, मांद्रें, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्रीचे दिवे आणि आवाज यांनी मादी परत फिरते, पिल्लं उजेडाच्या दिशेनं भरकटतात. मिरामार सकाळी, दिव्यांशिवाय, हे अगदी योग्य आहे.

तळ्याकाठचा

मी तुमच्या आजीच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. फोंड्यात देवस्थानांची सभागृहं आहेत, अग्रशाळा (देवळाच्या धर्मशाळा) आहेत. माझ्या घरची तीन लग्नं तशी झाली. देवाला नारळ ठेवायचा, जेवण तिथेच, म्हाताऱ्यांना बसायला खुर्च्या, पावसापाण्याची भीती नाही. वाळूत ऐंशीच्या घरातलं माणूस किती वेळ बसणार? भटजी नको हे समजू शकतो. पण देवळात मांडव घातला की आजीचा प्रश्नच मिटला असता.

दोन सह्या

तळ्याकाठचा, तुमचं म्हणणं मनापासूनचं आहे. पण हे लग्न त्या दोघांचं आहे, आणि देवळात जाऊन विधी न करणं हे आजीला जास्त लागेल. निदान माझ्या सासूबाईंना लागलं असतं.

आमचंही लग्न सह्यांचं. बारदेशातल्या एका सार्वजनिक बागेत चाळीस माणसं बोलावली होती. आमची चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. आम्ही दुसरी सही आदल्या दिवशी केली, घाईत, ऑफिसच्या कपड्यांत, वाटेत भेटलेले दोन मित्र साक्षीदार घेऊन. दुसऱ्या दिवशी बागेत हार घातले, फोटो काढले, सगळे खूष. पण माझी आई हळूच म्हणाली, "लग्न तर काल झालं, मी नव्हते." तिचं खरं होतं. कायद्यानं लग्नाची तारीख सहीची. आई त्या क्षणाला नव्हती, आणि ते मला आजही सलतं. त्या रात्री मी माहेरी झोपले आणि तो त्याच्या घरी. दोघांनाही कळत नव्हतं की आपण आता नवरा-बायको आहोत की नाही.

म्हणून सांगते, आधी सहीचा विचार करा आणि मग वाळूचा. कार्यालयात पस्तीस माणसं मावत नसतील, पण आठ-दहा मावतात. अबोलीचे वळेसर माळून जा. लग्नाची साडी तिथेच नेसलेली असू दे. साक्षीदार नीट विचार करून निवडा. त्या नोंदवहीत तुमच्या नावांखाली त्यांची नावं कायमची राहणार आहेत. आम्ही निवडलेले मित्र चांगलेच आहेत, पण त्यातला एक आता कुठे असतो तेही मला माहीत नाही.

आणि कमान, पडदे, फुगे काही आणू नका. सार्वजनिक जागा सजवून आपली होत नाही. तिथे आपली माणसं काय बोलली, काय गायली, काय खाल्लं, त्यानं ती आपली होते. आमच्या बागेत आम्ही चाळीस हजारांची फुलं लावली. आज कोणालाही ती आठवत नाहीत. माझ्या काकांनी अचानक उठून एक ओवी म्हटली, ती मात्र सगळ्यांना आठवते.

कागदपत्र

थोडं कोरडं पण गरजेचं. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू आहे, आणि मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्यानं तो चालू ठेवला गेला. लग्नाची नागरी नोंदणी धर्म कोणताही असो, लागतेच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते, अर्धी अर्धी. घर विकायचं तर दोघांच्या सह्या. हा करार लग्नाआधीच, नोंदणीकृत स्वरूपात करावा लागतो आणि लग्नानंतर बदलता येत नाही. तुमचे होणारे यजमान महाराष्ट्रातले आहेत, तर दुसरी सही व्हायच्या आत दोघांनी मिळून एका गोव्याच्या वकिलाकडे अर्धा तास बसा. तिकडे विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार असतात, इकडची रीत वेगळी. कुडाळची मंडळी तिकडच्या हिशेबानं काही गृहीत धरून बसतात, म्हणून सांगितलं.

किनाऱ्यावर मंच, मांडव, ध्वनिवर्धक यांतलं काहीही आणणार असाल तर परवानगी लागते. पर्यटन खात्यात आणि महानगरपालिकेत लेखी अर्ज देऊन विचारा. काहीच उभारणार नसाल तरीही पस्तीस माणसं जमणार म्हणून एक पत्र देऊन पोच घेतलेली बरी. उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला किनाऱ्यावर बंदी आहे, तेव्हा चहासुद्धा घरून करून न्या.

जायांची कळी

सगळ्यांचे आभार. 'दोन सह्या' ताई, तुमचा प्रतिसाद मी त्याला फोनवर वाचून दाखवला. आम्हीही सही आदल्या दिवशी उरकणार होतो. ते आता रद्द.

मग आधी काय करावं? सही सकाळी साडेनऊच्या पुढे, कार्यालय फोंड्याला. मिरामार आठ वाजता. म्हणजे वाळूतला सोहळा आधी आणि सही नंतर. हे उलटं तर नाही ना होत?

कागदपत्र

कायद्याच्या लेखी वाळूतलं काहीच नाही. त्यामुळे क्रम तुमचा तुम्ही ठरवा.

दोन सह्या

उलटं नाही, उत्तम आहे. वाळूत सगळ्यांसमोर शब्द द्या, फोंड्याला येऊन सही करा, घरी जेवा. शब्द आधी आणि कागद नंतर. आपल्या घरांत सोयरीकही अशीच जुळते की!

नीरा

मी पुण्याची, पण एक सुचवते. सत्यशोधक पद्धतीत वधू-वर स्वतःच मंगलाष्टकं म्हणतात, एकमेकांना प्रश्न विचारतात आणि वचन देतात. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं पहिलं असं लग्न २५ डिसेंबर १८७३ ला लावलं. म्हणजे भटजीशिवायचं लग्न ही आपल्याकडे दीडशे वर्षांची जुनी गोष्ट आहे. घरच्यांना हे सांगून बघा, 'नवं फॅड' हा आक्षेप बराच गळून पडतो. शब्द मात्र तयार घेऊ नका. स्वतः लिहा, चार-चार ओळी पुरतात. मंगलाष्टकांच्या शार्दूलविक्रीडित वृत्तात बसले नाहीत तरी चालेल. तुमच्या आईला चाल येत असेल तर ती बसवून देईल.

घुमटवाला

समुद्राजवळ माणसाचा आवाज चार ओळींच्या मागे पोचत नाही. अनुभवानं सांगतो. माईक लावू नका, माणसं जवळ बसवा. अर्धगोल करा, दोनच रांगा, चटयांवर. वयस्कांसाठी मागे पाच-सहा घडीच्या खुर्च्या. पस्तीस माणसं अशी बसली तर शेवटच्या माणसाचं अंतर पाच-सहा पावलांपेक्षा जास्त होत नाही.

आणि वाद्य हवं असेल तर घुमट. मातीचं भांडं, आता बकऱ्याच्या चामड्याचं, वीज नको की काही नको. २०१९ मध्ये सरकारनं त्याला गोव्याचं वारसा वाद्य ठरवलं. दोन घुमटं, एक शामेळ, एक कांसाळें. घरात कोणी आरत्यांना वाजवणारं असेलच, फोंड्याच्या घरात नसेल असं होणार नाही. आजी 'देव खंय' विचारते ना? तिला एक आरती म्हणू दे. विधी नको म्हणजे आरती नको असं थोडंच आहे.

तळ्याकाठचा

हे मला पटलं. आजीची आरती ठेवा. मी माझी तक्रार मागे घेतो.

पर्वरीची पाटकूर

जागा दोरीनं आखून घ्या, म्हणजे अनोळखी माणसं फोटोत येणार नाहीत. आमच्या नातेवाइकांकडे परकी माणसं घोळक्यानं उभी राहून व्हिडिओ काढत होती.

मांडवीकाठ

दोरीला माझा विरोध आहे. वाळू कोणाच्याही बापाची नाही, आणि ती तशी राहावी म्हणून पणजीकर भांडत आले आहेत. सकाळी चालणारी माणसं त्याच वाटेनं जातात. त्यांना वळसा घालायला लावून लग्न सुरू करू नका. मी तुमच्या जागी असतो तर दोन तरुण पोरांना कडेला उभं केलं असतं. कोणी थांबलं तर त्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवायचं आणि "फोटो नको काढू, भाई" एवढं सांगायचं. गोड हातावर पडलं की माणूस पाहुणा होतो.

पर्वरीची पाटकूर

हे मला सुचलं नव्हतं. चालेल.

रांदची कूड

खाण्याबद्दल कोणीच बोलत नाही! वाळूत जेवण नको, हातात धरून खाता येईल असंच काही न्या. काकणां (बांगडीसारखे कडक पाव) आणि चहाचे थर्मास, डब्यातल्या नेवऱ्या, दोदोल कापून. तिकडून कुडाळची मंडळी येणार तर त्यांच्याकडून मालवणी खाजं मागवा. दोन्ही गावं एकाच डब्यात आली. घरी जेवणाला खतखतें, मुगागाठी, सोलकढी आणि शेवटी मणगणें, म्हणजे चणाडाळीची खीर. मणगणें चुकवू नका. लग्नाच्या घरात नारळाच्या रसाचा तो वास पाहिजेच.

कागदी पेले आणि प्लास्टिक नको. स्टीलचे पेले मोजून न्या, मोजून आणा.

अक्षताही नकोत. तांदूळ वाळूत पडतो, पायदळी जातो. प्रत्येकाला एकेक फूल द्या, आणि शेवटी ते परडीत गोळा करा.

जायांची कळी

काय सांगू, हे सगळं वाचून घरात वातावरणच बदललं. आई चाल बसवते आहे. मामा घुमट वाजवतात हे मला माहीत होतं, पण ते इतकी वर्षं फक्त गणेश चवथीला वाजवत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "लग्नाक? म्हज्या भाचयेच्या? हांव वाजयनासतना रावतलों?" (मी न वाजवता राहीन का?) आणि लगेच घुमट उन्हात ठेवायला गेले.

लग्न झालं की लिहीन.

जायांची कळी

झालं. लिहायला दहा दिवस लागले, माफ करा.

पहाटे साडेपाचला फोंड्याहून दोन गाड्या आणि एक छोटी बस निघाली. कुडाळची मंडळी आदल्या रात्री पणजीत मुक्कामाला होती. सात वाजता आम्ही पोचलो तर ती आधीच सुरूंखाली चटया झटकत उभी. मांडवीकाठ काका, ऊन तुम्ही सांगितलं तसंच पडलं.

काय केलं ते थोडक्यात सांगते. आम्ही कांपालपासून चालत आलो, फक्त आम्ही दोघं, जसे पूर्वी यायचो. बाकीचे वाळूत बसून वाट बघत होते. लांबून ते सगळे दिसले तेव्हा माझ्या पायातलं बळच गेलं. त्यानं हात धरला. आई-बाबांनी आणि त्याच्या आई-बाबांनी उठून आम्हाला मधे घेतलं. चार ओळी मी म्हटल्या, चार त्यानं. त्याला मधेच शब्द आठवेना, तर त्याच्या बाबांनी मागून सांगितला. म्हणजे त्यांनी ते पाठ केलं होतं, आम्हाला न सांगता. नीराताई, तो शब्द आता आमच्या घरात सगळे म्हणतात.

मग हार. मग मामांचं घुमट. आणि मग आजी उठली. तिला खुर्चीवर बसून म्हण असं सांगितलं होतं, पण ती उभी राहिली, समुद्राकडे तोंड करून, आम्हाला पाठमोरी. आरती पूर्ण म्हटली. वळून मला म्हणाली, "हांगाच आसा गो." (इथेच आहे गं.) बस, एवढंच. मला वाटतं तिचा प्रश्न तिनंच सोडवला.

चालायला आलेली आठ-दहा माणसं थांबली होती. पोरांनी त्यांना नेवऱ्या दिल्या. एक वयस्क बाई दोदोल खाऊन परत गेल्या आणि पंधरा मिनिटांनी मोगऱ्याचा गजरा घेऊन आल्या, कुठून आणला कोण जाणे. नाव विचारायचं राहिलं. त्या जर हे वाचत असतील तर तो गजरा मी सहीच्या वेळी माळला होता.

साडेनऊपर्यंत परडी भरली, पेले मोजले, एक कमी होता, तो वाळूत सापडला. अकराला फोंड्याला. कार्यालयात आत दहा जणच गेलो, बाकी बाहेर जिन्यावर. बाकावर विक्रीखताची माणसं होतीच. त्यांनी सरकून आमच्या आईंना जागा दिली.

साक्षीदार दोन. त्याच्याकडून त्याचे शाळेतले शिक्षक, ज्यांनी त्याला पणजीत नोकरी शोध म्हणून पाठवलं होतं. माझ्याकडून आजी. ती पोर्तुगीज काळात मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली आहे. आठवडाभर ती जुन्या वहीत सही गिरवत होती, मला ते नंतर आईनं सांगितलं. तिथे तिनं पेन हातात घेतलं आणि कारकुनाला विचारलं, "पुराय नांव बरोवं?" (पूर्ण नाव लिहू?) तो म्हणाला, बरय आजी, पुराय बरय. तिनं स्वतःचं नाव, आजोबांचं नाव आणि आडनाव सगळं सावकाश लिहिलं. मागे रांग थांबली होती. कोणी काही बोललं नाही.

दोन सह्या

वाचता वाचता डोळे भरून आले. आईला वाचून दाखवणार आहे.

तळ्याकाठचा

आजीला माझा नमस्कार सांगा.

रांदची कूड

आणि मणगणें?

जायांची कळी

दोन टोप. कुडाळच्या काकांनी तीनदा घेतलं. खाजं उरलं होतं ते कार्यालयात वाटलं.

साखळीचा भाचा

माझ्या बहिणीचं मार्चमध्ये आहे, असंच, पन्नास माणसं. चटया किती लागल्या आणि कुठून आणल्या?

जायांची कळी

बारा मोठ्या चटया, शेजाऱ्यांकडून आणि मामांच्या भजनी मंडळाकडून. पन्नासला अठरा धरा. मार्चमध्ये ऊन लवकर चढतं, साडेसातलाच सुरू करा, आणि वळेसरासाठी अबोलीबरोबर सुरंगी मिळते का बघा, तेव्हा तिचा मोसम असतो. चटया हव्या असतील तर मंडळाला विचारते, खाजगीत निरोप टाका.